मेजरसाहेबांची मोजदाद

समजा, पाच लाडू आहेत आणि त्यांचे ढीग करायचे आहेत. ढीग किती करायचे आणि कुठल्या ढिगात किती लाडू ठेवायचे, यावर बंधन नाही. पाचही एकत्र ठेवा, चार आणि एक असे मांडा, नाहीतर पाच जागी पाच सुटे ठेवा. आधी कुठला ढीग मांडला आणि नंतर कुठला, हे धरायचं नाही. अशा तऱ्हा किती होतील? बोटांवर मोजल्या तर सात. दहा लाडू घेतले तर ४२. पन्नास घेतले तर २,०४,२२६. शंभरांना १९,०५,६९,२९२. आणि दोनशे लाडवांना ३९,७२,९९,९०,२९,३८८, म्हणजे सुमारे ३ लाख ९७ हजार कोटी.

हा शेवटचा आकडा पहिल्या महायुद्धाच्या काळात एका माणसाने कागदावर, हाताने काढला. नाव पर्सी अलेक्झांडर मॅकमोहन, हुद्दा मेजर, ब्रिटिश फौजेच्या रॉयल आर्टिलरीतून म्हणजे तोफखान्यातून निवृत्त. आपल्याकडे मॅकमोहन म्हटलं की अरुणाचलच्या डोक्यावरची रेषा आठवते. ते हेन्री मॅकमोहन, हे ते नव्हेत. यांनी कुठलीही रेषा आखली नाही. हे आयुष्यभर मोजत राहिले.

एका संख्येच्या अशा वाटण्यांना गणितात ‘पार्टिशन’ म्हणतात. मराठीत ‘फाळणी’ म्हणावं तर १९४७ आठवतं, म्हणून इथे ‘वाटणी’च बरी. वाटण्यांची संख्या इतक्या वेगाने वाढते की एकेक लिहून मोजणं दोनशेच्या कितीतरी आधीच अशक्य होतं. मॅकमोहन यांनी ऑयलरची अठराव्या शतकातली एक युक्ती वापरली. दहाचा आकडा हवा असेल तर आधीचे आकडे हाताशी ठेवायचे, नवाचा आणि आठाचा मिळवायचा, पाचाचा आणि तिनाचा वजा करायचा: ३० + २२ − ७ − ३ = ४२. रीत एवढीच. पण दोनशेचा आकडा काढायला मागचे २२ आकडे लागतात, बारा मिळवायचे आणि दहा वजा करायचे. त्या बावीसांतला प्रत्येक आकडा त्याच्याही मागच्या आकड्यांवर उभा. खतावणीत एखादी रक्कम चुकली तर तपासनीस ती शोधून काढतो. इथे चाळिसाव्या ओळीत हातचा राहिला तर पुढच्या एकशे साठ ओळींना कीड लागते आणि वरून काही दिसत नाही.

मॅकमोहन यांच्या हातून हातचा राहिला नाही. हे कळलं कसं, तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

केंब्रिजमध्ये जी. एच. हार्डी आणि श्रीनिवास रामानुजन हे गणितज्ञ याच प्रश्नाच्या मागे वेगळ्या वाटेने लागले होते. मागचा एकही आकडा न वापरता थेट उत्तराच्या जवळ नेणारं सूत्र त्यांना सापडलं होतं. ते अंदाजाचं सूत्र होतं आणि किती जवळ नेतं याचा भरवसा नव्हता. पडताळायला पक्का आकडा हवा होता, तो मेजरसाहेबांच्या तक्त्यात मिळाला. सूत्राचं पहिलं पद ३९,७२,९९,८९,९३,१८५.८९६ येतं. त्यात दुसऱ्या पदाचे ३६,२८२.९७८ मिळवायचे, तिसऱ्याचे ८७.५५५ वजा करायचे, मग पाच आणि थोडे, एक आणि थोडे, असं करत आठ पदांची बेरीज ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४ भरते. तक्त्यातल्या आकड्याशी फरक एक हजारांशाच्या चारपट. शंभराच्या बाबतीत सहाच पदांनी १९,०५,६९,२९१.९९६ येतं, तिथेही तेवढाच फरक.

हार्डी यांनी पुढे आपल्या व्याख्यानांत कबूल केलं आहे की मेजरना आकडेमोडीची इतकी आवड नसती तर ते दोघं कदाचित आधीच्याच टप्प्यावर थांबले असते. आकडे असे जुळले तेव्हा आपलं सूत्र केवळ अंदाज देत नाही, नेमक्या उत्तरापर्यंत पोचू शकतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तसा सिद्धांत सिद्ध करायला हुरूप आला. १९१८ साली तो प्रबंध छापला गेला. विसाव्या शतकातल्या गणितात त्याचं स्थान मोठं आहे आणि त्यावर नावं दोन आहेत. तिसऱ्या माणसाचा तक्ता प्रबंधाच्या शेवटी आहे.

नावं दोन आणि तक्ता तिसऱ्याचा, असं का, हा इथला प्रश्न आहे. तिसऱ्या माणसावर अन्याय झाला अशी ओरड करायची नाही. हार्डींनी श्रेय दिलंच आहे, आणि सिद्धांत त्या दोघांचाच आहे. पण गणिताची गोष्ट सांगताना आपण विजेसारखी चमकून जाणारी प्रतिभा एका पारड्यात घालतो आणि आकडेमोड दुसऱ्या. पहिलीला रामानुजन यांच्या कुलदेवी नामगिरीचा प्रसाद म्हणतो, दुसरीला कारकुनी. मॅकमोहन यांचं आयुष्य या वर्गवारीत बसत नाही. आणि ते अंगावर गणवेश घेऊन आलेले असल्याने गोंधळ आणखी वाढतो.

जन्म २६ सप्टेंबर १८५४चा, माल्टा बेटावरचा. वडील फौजेत, ब्रिगेडियर-जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले. मुलगा चेल्टनमच्या शाळेत शिकून सोळाव्या वर्षी वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत दाखल झाला. तोफखान्याच्या आणि इंजिनिअर पलटणींच्या अधिकाऱ्यांना तयार करणारी ही संस्था. त्या काळच्या ब्रिटिश फौजेतली एक गंमत इथे सांगायला हवी. पायदळात आणि घोडदळात १८७१पर्यंत अधिकाऱ्याचं पद चक्क पैसे मोजून विकत घेता येत असे. तोफखान्यात तशी सोय कधीच नव्हती. उमरावाच्या पोराने चुकीचा हुकूम दिला तर घोडा कदाचित सांभाळून घेईल, पण तोफेचा कोन चुकला तर गोळा आपल्याच लोकांत पडायचा. म्हणून तोफखान्यात परीक्षा होती, आणि परीक्षेत गणित होतं.

या अकॅडमीत १८५५पासून १८७०पर्यंत गणित शिकवणारे गृहस्थ होते जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर, इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या बीजगणितज्ञांपैकी एक. केंब्रिजच्या परीक्षेत दुसरे येऊनही ज्यू असल्यामुळे त्यांना तिथली पदवी मिळाली नव्हती. चर्च ऑफ इंग्लंडची कलमं मान्य असल्याची सही केल्याशिवाय ती मिळत नसे. तोफखान्याला मात्र त्यांचा धर्म आड आला नाही. त्याच तोफखान्याने त्यांना पंचावन्नाव्या वर्षी नियमावर बोट ठेवून निवृत्तही केलं. त्यांच्या पाठोपाठच मॅकमोहन त्या दारातून आत गेले. गुरुशिष्यांची चुकामूक झाली ती थोडक्यात.

१८७३च्या मार्चमध्ये हा अठरा वर्षांचा लेफ्टनंट मद्रासेत उतरला. त्याच शहरात चाळीसेक वर्षांनी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला रामानुजन नावाचा एक कारकून फावल्या वेळात वह्या भरणार होता. मद्रासेहून लखनौ आणि तिथून १८७७च्या आरंभी वायव्य सरहद्दीवरचं कोहाट, असा मॅकमोहन यांचा हिंदुस्थानातला प्रवास. कोहाटला त्यांना पहाडी तोफांच्या बॅटरीत नेमलं होतं. या तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादायच्या आणि डोंगरात नेऊन पुन्हा जोडायच्या. समोर आफ्रिदी टोळ्या, पलीकडे अफगाणिस्तान. पुढच्याच वर्षी दुसरं अफगाण युद्ध पेटलं.

त्या युद्धात हे नव्हते. १८७७च्या ऑगस्टमध्ये आजारी पडून ते मरी या थंड हवेच्या ठिकाणी गेले आणि २२ डिसेंबरला वैद्यकीय दाखल्यावर अठरा महिन्यांची रजा सुरू झाली. इंग्लंडला परतल्यावर डोव्हर, शिअरनेस अशा बिनधोक ठाण्यांवर नेमणुका झाल्या, आणि १८८०मध्ये वूलिचलाच तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या दोन वर्षांच्या वरच्या वर्गात नाव घातलं गेलं. चरित्रकार या आजारपणाला त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वळण मानतात. बरोबरच आहे. पण लोकांना या गोष्टीतून जो अर्थ काढायला आवडतो, तो इथे लागू पडत नाही. सैनिक गणिती म्हटलं की वाटतं, तोफगोळ्यांच्या वाटा मोजता मोजता हा माणूस गणितात शिरला असणार. रणगाथेच्या चौकटीत ते छान बसतं. मॅकमोहन यांच्या थोर कामाचा तोफेशी काडीचाही संबंध नाही. गोळा किती अंतरावर पडेल, हा त्यांचा प्रश्न नव्हताच.

तोफखान्याने त्यांना वेगळं काही दिलं. पगार दिला, कवायतीतून सुटका झाल्यावर हाती उरणारे लांबलचक तास दिले, आणि केंब्रिजच्या शर्यतीबाहेर राहण्याची मोकळीक दिली. आपल्याला रँग्लर म्हटलं की रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आठवतात. १८९९ साली सेंट जॉन्स कॉलेजातून ते सीनियर रँग्लर झाले आणि महाराष्ट्रात ती पदवी त्यांच्या नावाचाच भाग बनून गेली. सीनियर रँग्लर ठरवणाऱ्या केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिलं यायचं तर महिनोन्‌महिने शिकवणी लावून ठरावीक साच्याची गणितं घड्याळ लावून सोडवावी लागत. मॅकमोहन त्या घाण्याला कधी जुंपले गेले नाहीत. त्याच सेंट जॉन्सने पुढे त्यांना आपल्यात सामावून घेतलं, पण तोवर त्यांचे केस पिकले होते.

१८८२मध्ये कॅप्टन मॅकमोहन वूलिचलाच शिकवू लागले. तिथे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांच्याशी ओळख झाली, आणि बीजगणितातल्या ‘इन्व्हेरिअंट्स’चं वेड लागलं. समीकरणातले चल ठरावीक रीतीने बदलले तरी ज्या राशी बदलत नाहीत, त्यांचं हे शास्त्र. आर्थर केली आणि सिल्व्हेस्टर यांनी ते उभं केलं होतं. १८८३मध्ये मॅकमोहन यांनी त्यातल्या एका प्रकाराचा संबंध समतोल राशींशी, म्हणजे चलांची अदलाबदल करूनही तशाच राहणाऱ्या राशींशी, जोडून दाखवला. तो निबंध सिल्व्हेस्टर यांनीच अमेरिकेत सुरू केलेल्या नियतकालिकात छापून आला. चुकलेली गाठ अशी पडली. १८९०मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडलं.

आणि १८९० हेच साल वाईटही ठरलं. त्याच वर्षी जर्मनीत डेव्हिड हिल्बर्ट यांनी एक सिद्धांत छापला. ज्या राशींचे तक्ते करण्यात इंग्लंडातल्या आणि जर्मनीतल्या माणसांची उमर गेली होती, त्या सगळ्या मोजक्या राशींपासून बनतात, एवढं त्यांनी एकही राशी प्रत्यक्ष न काढता सिद्ध केलं. वर्षानुवर्षं घराघरांतून पाणी भरणाऱ्या माणसाला नळ आल्याची बातमी कळावी, तसं काहीसं त्या पिढीचं झालं. गणिताचा रोख बदलला. आकडेमोड मागे पडली, रचनेला आणि अस्तित्वाच्या सिद्धतेला मान आला.

मॅकमोहन यांनी नळाकडे पाहिलं आणि घागर खाली ठेवली नाही. त्यांचा हा हट्ट शहाणपणाचा होता असं म्हणवत नाही. नव्या पद्धती त्यांनी फारशा अंगीकारल्या नाहीत आणि त्याची किंमतही मोजली. पण इन्व्हेरिअंट्समध्ये काम करता करता त्यांच्या हाती एक प्रश्न लागला होता: ‘किती प्रकारे?’ तो प्रश्नच त्यांनी धरून ठेवला.

१८९१पासून ते वूलिचच्या आर्टिलरी कॉलेजात विजेचे लष्करी प्रशिक्षक होते. दिवसा अधिकाऱ्यांना विद्युतप्रवाह समजावायचा आणि उरलेल्या वेळात मोजायचं. १८९२ साली त्यांनी एका सहकारी मेजरबरोबर रंगीत कोड्यांचं पेटंट घेतलं. लाकडाचा एक घनाकृती ठोकळा घ्या. सहा रंग, सहा बाजू, प्रत्येक बाजूला वेगळा रंग. खरोखर वेगळे ठोकळे किती होतील? लाल बाजू खाली टेकवा. वर उरलेल्या पाचांपैकी कुठलाही रंग येईल. राहिले चार रंग कडेने. ठोकळा गरकन फिरवून त्यातला एक आपल्यासमोर आणला की उरलेल्या तिघांच्या सहा मांडण्या होतात. पाच गुणिले सहा, तीस. एकतिसावा ठोकळा रंगवायला जाल तर तो आधीच्यांपैकीच एक निघतो. आता खेळ असा: तिसांतला कुठलाही एक बाजूला काढायचा आणि उरलेल्या एकोणतिसांतून आठ निवडून दुप्पट आकाराचा मोठा ठोकळा रचायचा. तो बाहेरून बाजूला काढलेल्यासारखाच दिसला पाहिजे आणि आत जिथे दोन बाजू चिकटतात तिथे रंग जुळले पाहिजेत. प्रत्येक ठोकळ्यासाठी असे आठ सापडतात. पुठ्ठ्याचे ठोकळे करून, मुलांच्या रंगपेटीतले रंग वापरून कुणी हे करून पाहिलं तर एक रविवार सहज जातो, आणि हातांना रंग लागलेला असताना समूहांचं गणित डोक्यात उतरतं.

असल्या खेळांना त्या काळचे प्राध्यापक विरंगुळा मानत. १८९७मध्ये सिल्व्हेस्टर वारले आणि ऑक्सफर्डचं भूमितीचं सॅव्हिलिअन आसन रिकामं झालं. मॅकमोहन यांनी अर्ज केला. तोवर ते लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष होऊन गेले होते. आसन त्यांना मिळालं नाही. ते मिळालं विल्यम एसन यांना, जे सिल्व्हेस्टर यांच्या वतीने ऑक्सफर्डात आधीपासूनच काम पाहत होते. घरचा माणूस घरात राहिला. पुढच्या वर्षी मॅकमोहन फौजेतून निवृत्त झाले आणि नंतर सरकारच्या वजनमापांच्या खात्यात, प्रमाण गज आणि प्रमाण पौंड सांभाळणाऱ्या कार्यालयात, १९२०पर्यंत उपप्रमुख होते. या माणसाच्या स्वभावाला याहून शोभणारी सरकारी नोकरी शोधून सापडली नसती. मानसन्मान मात्र मिळत गेले: १९००चं रॉयल मेडल, १९१९चं सिल्व्हेस्टर मेडल, १९२३चं डी मॉर्गन मेडल. खगोलशास्त्र्यांच्या रॉयल सोसायटीचेही ते अध्यक्ष झाले. विद्यापीठातली प्राध्यापकी तेवढी कधी मिळाली नाही.

विद्यापीठाबाहेर राहण्याचा तोटा काय होतो, हे एका प्रसंगात लख्ख दिसतं. पुन्हा वाटण्यांकडे येऊ. नऊ लाडवांचे ढीग असे करा की कुठल्याही दोन ढिगांत निदान दोनचा फरक राहील: ९, ८ आणि १, ७ आणि २, ६ आणि ३, ५, ३ आणि १. पाच तऱ्हा. आता दुसरी अट. प्रत्येक ढिगातल्या लाडवांची संख्या १, ४, ६, ९ अशीच, म्हणजे एककस्थानी १, ४, ६ किंवा ९ असलेलीच हवी, फरकाचं बंधन नाही: ९, ६ आणि तीन एक, दोन चार आणि एक, एक चार आणि पाच एक, नऊ एक. पुन्हा पाचच. दोन्ही अटींचं एकमेकींशी वरून काही नातं दिसत नाही, तरी प्रत्येक संख्येला उत्तर सारखंच येतं. रामानुजन यांनी हे हिंदुस्थानातच हेरलं होतं. हार्डींना सिद्धता येईना. मॅकमोहन यांनी मग आपल्या रीतीने काम केलं: एकापासून सुरुवात करून ८९पर्यंत दोन्ही बाजू प्रत्यक्ष मोजल्या. १९१६मध्ये छापलेल्या ‘कॉम्बिनेटरी अ‍ॅनालिसिस’च्या दुसऱ्या खंडात त्यांनी तसं नोंदवलं. हे खरं आहे यात शंका घ्यायला फारशी जागा नाही, पण सिद्धता अजून हाती नाही, असा त्या नोंदीचा भाव.

सिद्धता होती. १८९४मध्येच लिओनार्ड जेम्स रॉजर्स नावाच्या गणितज्ञाने ती छापली होती, आणि छापली होती लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्याच नियतकालिकात. त्याच वर्षी सोसायटीच्या अध्यक्षपदी मॅकमोहन बसले. जुने अंक चाळताना रामानुजन यांना तो निबंध १९१७मध्ये दिसला. आपल्याच अध्यक्षपदाच्या वर्षातल्या अंकात जे पडून होतं, ते शोधण्यासाठी या माणसाने ८९पर्यंत ढीग मांडले. हसू येतं. पण त्याला एकट्याला हसून चालणार नाही, कारण हार्डींनाही ते माहीत नव्हतं.

उलट बाजूही लगेच सांगायला हवी. वाटण्यांचा दोनशेपर्यंतचा तोच तक्ता रामानुजन यांनी पुन्हा पुढ्यात घेतला. चाराच्या वाटण्या ५, नवाच्या ३०, चौदाच्या १३५, एकोणिसाच्या ४९०, चोविसाच्या १,५७५. चारपासून पाच-पाचने पुढे गेलं की प्रत्येक आकड्याला पाचाने भाग जातो. पाचाच्या ७, बाराच्या ७७, एकोणिसाच्या ४९०, इथे सातानेही. सहाच्या ११, सतराच्या २९७, इथे अकराने. १९१९च्या निबंधात त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे की हे त्यांना मॅकमोहन यांच्या तक्त्यात दिसलं. त्या तीन ओळींमधून संख्यासिद्धांताची एक शाखा फुटली आणि अजून तिला पालवी येते आहे. रामानुजन यांची दृष्टी असामान्य होतीच. पण दृष्टीला पाहायला काहीतरी समोर लागतं, आणि ते समोर कुणीतरी मांडून ठेवलेलं असावं लागतं. तक्ता करणाऱ्याला गणितज्ञ म्हणायला आपली जीभ अडखळते ती इथे. त्याने काही शोधलं नाही, नुसतं मोजलं, असं आपण म्हणतो. पण ज्याच्या मोजण्यावाचून शोध लागला नसता, त्याचं मोजणं नुसतं कसं?

रामानुजन यांना रॉयल सोसायटीचे फेलो करावं, या प्रस्तावावर सही करणाऱ्यांत मॅकमोहन होते. दोघांमध्ये तोंडी आकडेमोडीच्या चकमकी होत आणि मेजर जिंकत, अशी एक आख्यायिका गणितज्ञ जियान-कार्लो रोटा यांनी लिहून ठेवली आहे. हार्डींनी कुणाला सांगितली, त्याने रोटांना, आणि रोटांनी आपल्याला. वाटेत थोडं तिखटमीठ लागलं असणारच. पण तशी शर्यत लागली असेल तर पैज मेजरांवर लावावी.

पहिल्या महायुद्धाच्या वर्षांतलं एक चित्र असं आहे. हार्डींचे जोडीदार लिटलवुड, ट्रिनिटीतले निखळ गणिती, तोफखान्याचा गणवेश घालून वूलिचशी निगडित कामात तोफगोळ्यांच्या वाटा मोजत होते. आणि त्याच वूलिचमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले मेजर लाडवांच्या वाटण्या मोजत होते. सैनिक कोण आणि गणिती कोण, हे नुसत्या कपड्यांवरून ठरवायला जावं तर फसगत ठरलेली.

मोजण्याच्या गणिताला विद्यापीठात मानाचं पान मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तोवर ते ओसरीवरच होतं, आणि ओसरीवर बसणारी माणसंही तशीच: निवृत्त मेजर, शाळामास्तर, कारकून. महाराष्ट्रातलं त्यातलं एक नाव म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३०पासून १९६२पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. देवळाली म्हणजे तोफखान्याचं गाव, तोफखान्याची मोठी प्रशिक्षण शाळा आजही तिथेच आहे. छावणीच्या त्या गावात हे मास्तर संख्यांशी खेळत बसत. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे ६१७४च. इथल्या प्राध्यापकांपैकी बऱ्याच जणांनी याला पोरखेळ म्हटलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाने पाहिलं. मॅकमोहन यांचे रंगीत चौकोन आणि तीस ठोकळेही नव्या वाचकांपर्यंत पोचले ते गार्डनर यांच्याच सदरातून. दोघांची तोलामोलाने तुलना करायची नाही. मॅकमोहन यांच्या कामाची खोली कितीतरी अधिक आहे. खोलीच्या कोपऱ्यात रचलेल्या खोक्यांच्या उतरंडी मोजण्याचं त्यांचं सूत्र आजच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रातही अवतरतं. पण दोघांना ज्या नजरेने पाहिलं गेलं, ती नजर एकच होती.

१९२१मध्ये मॅकमोहन यांनी रंगीत तुकड्यांच्या खेळांवर एक छोटं पुस्तक काढलं. १९२९च्या नाताळच्या दिवशी बॉग्नर या समुद्रकाठच्या गावी ते वारले. लेखसंग्रह निघाला १९७८ आणि १९८६मध्ये, अमेरिकेत, जॉर्ज अँड्र्यूज यांच्या संपादनाखाली. दोन जाडजूड खंड.

त्यातली एक चिमुकली गोष्ट आज जगभरच्या वर्गांत शिकवली जाते. १, २, ३ हे अंक कुठल्याही क्रमाने लिहा. मोठा अंक लहानाच्या आधी आलेल्या जोड्या मोजा. ३१२ मध्ये तीन एकाच्या आधी आहे आणि दोनाच्याही, म्हणून २. सहाही क्रमांसाठी मोजलं तर ०, १, १, २, २, ३ मिळतात. आता दुसरी रीत: अंक जिथे खाली उतरतो त्या जागेचा क्रमांक घ्या आणि असे क्रमांक मिळवा. ३१२ मध्ये उतार पहिल्याच जागी, म्हणून १. एकेका क्रमासाठी दोन्ही रीती वेगळं बोलतात, पण सहांचा हिशेब एकत्र मांडला की पुन्हा ०, १, १, २, २, ३. तीनच काय, कितीही अंक घेतले तरी हा मेळ बसतो, हे मॅकमोहन यांनी दाखवलं. उतारांच्या त्या बेरजेला त्यांनी ‘ग्रेटर इंडेक्स’ म्हटलं होतं. पुढे दोमिनिक फोआता या फ्रेंच गणितज्ञाने नाव किंचित बदलून ‘मेजर इंडेक्स’ केलं. वहीत ते ‘मेज’ असं आखूड करून लिहितात. मेजर म्हणजे मोठा, असंच बहुतेक मुलांना वाटतं. तो एका तोफखान्यातल्या माणसाचा हुद्दा आहे, हे शिक्षकाला आठवलं तर तो सांगतो, नाहीतर फळा पुसून पुढचं उदाहरण घेतो.